रागाची चटई

दाराला कडी नव्हती. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण आजीच्या मुलानं लाथच घातली, आणि खालची फळी निखळून बालवाडीच्या खोलीत येऊन पडली.

आजी नळाखाली पेले विसळत होती. ती तिथं मदतीला होती, म्हणून सगळीच पोरं तिला आजी म्हणायची. खरी नात त्यांच्यात एकच, कोपऱ्यात ठोकळे रचत बसलेली. दारात बाप दिसताच नातीनं हातातला ठोकळा अलगद खाली ठेवला.

मुलगा वेल्डिंगच्या दुकानातून तसाच उठून आला होता. काळा चष्मा गळ्यात लोंबत होता. हातात लाल चटईचा एक तुकडा.

"हे शिकवता होय हो बाई इथं?" त्यानं तो तुकडा बाईंच्या अंगावर भिरकावला. "काल घरात दोस्त बसलेले. बायको उलट बोलली, दिली एक ठेवून. तर ही चिमुरडी दप्तरातून हे काढून माझ्यापुढं अंथरते आणि म्हणते, बाबा, बस! दोस्त पोट धरधरून हसले. आज दुकानात येणारा-जाणारा विचारतोय, चटई आणलीस का रे?"

राग आला की चटईवर जाऊन बसायचं. बसलेल्याशी कुणी बोलायचं नाही, त्याला कुणी चिडवायचं नाही. मन निवलं की त्यानं आपणच 'झालं' म्हणायचं. खोलीतला हा नियम सगळ्यांना लागू होता.

"परवा मीही बसले होते," बाई म्हणाल्या.

त्यानं खेळण्यांची मांडणी दोन्ही हातांनी उपसून काढली. ठोकळे, बाहुल्या, रंगांच्या वाट्या, सगळं धाडकन जमिनीवर आलं. एक खुर्ची भिंतीवर आपटली, दुसरी खिडकीवर. काचा खळाखळा गळल्या. पोरं मोठ्या टेबलाखाली घुसली. एकाची चड्डी ओली झाली. बापानं नातीचं दप्तर खुंटीवरून ओरबाडून आपल्या खांद्याला अडकवलं आणि तिला मनगटाला धरून वर उचललं. तिचे पाय जमिनीवरून सुटले.

"चल! बालवाडी बंद. हिला वळण लावायला मी आहे ना? मेलो का?"

आजीला त्याच्या कपाळावरची शीर दिसली. भुवयांपासून केसांपर्यंत टरारलेली. ती शीर तिला पाठ होती. नवऱ्याच्या कपाळावर तीच होती. ऐन उमेदीत, पट्टा उगारलेला असतानाच त्याच्या डोक्यात काहीतरी फुटलं आणि तो पट्ट्यासकट कोसळला. नातीच्या कपाळावरही ती येऊ लागली होती. बालवाडीत आली तेव्हा पोर भिंतीवर डोकं आपटायची, जवळ येईल त्याला कडकडून चावायची, ओठ निळे पडेपर्यंत किंचाळायची, आणि तेवढ्याशा कपाळावर ती शीर गांडुळासारखी वळवळायची. लाल चटईवर बसून बसून ती शीर खाली गेली होती. मुलाला मात्र डॉक्टर दर खेपेला रक्तदाबाची गोळी वाढवून देत होते.

आजी मोडक्या दारात आडवी उभी राहिली.

"आई, बाजूला हो."

"नाही व्हायची."

"हो म्हणतो ना!"

"बाप गेला तसा तू चाललायस, बाबा. हिला नाही जाऊ द्यायची."

त्यानं नातीला सोडलं आणि आईच्या तोंडावर उलट्या हाताची हाणली. तिचं डोकं चौकटीवर आदळलं. ओठ फाटला. कवळी तोंडातून उडाली आणि घरंगळत टेबलाखाली पोरांत गेली.

"आजीचे दात!" कुणीतरी म्हणालं. हसलं कुणीच नाही.

मग टेबलाखालच्या अंधारातून, सगळे ज्याला बोबड्या म्हणायचे त्याचा आवाज आला. "काका, चटईवल बस."

"चटईवर! चटईवर!" सगळी पोरं ओरडू लागली.

मुलानं जवळची खुर्ची एका हातानं डोक्यावर उचलली आणि टेबलाकडे वळला. शीर जांभळी पडली होती. तोंडभर रक्त घेऊन आजी बघत राहिली. आता फुटते. आता.

नातीनं जमिनीवरचा लाल तुकडा उचलला आणि त्याच्या पायाशी अंथरला. चारी कोपरे सारखे केले. मग नळाखाली पेला धरला, भरला, आणि दोन्ही हातांनी सांभाळत परत आली. त्याला वाटलं आपल्यासाठीच. मोकळा हात त्यानं पुढं केला.

ती त्याला वळसा घालून गेली.

"आधी ज्याला लागलं त्याला," ती म्हणाली आणि पेला आजीच्या ओठांना लावला.

आजीनं घोट घेतला. उरलेलं पाणी गुलाबी झालं. तिच्या घरात मार झाला की पाणी मागायचा तो मारणारा, आणि आणून द्यायची ती मार खाल्लेली. हात तिचेच असायचे, पेला दुसऱ्याचा. तिनं सगळं पाणी हळूहळू संपवलं.

खुर्ची खाली ठेवल्याचा आवाज झाला. आपटल्याचा नव्हे, ठेवल्याचा. तिनं मान वळवली. एवढा आडदांड बाप्या, पण त्या तुकड्यावर त्याचे गुडघे हनुवटीला लागले होते. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पोरं एकेक करून टेबलाखालून निघाली. बोबड्यानं कवळी नळाखाली धुऊन आजीच्या हातात दिली.

नातीनं बापाच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं आणि बदकाचं चित्र असलेल्या आपल्या खुंटीला परत अडकवलं. मग दुसरा पेला भरला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

दुसरा पेला चटईवर बसलेल्याचा, पण त्यानं 'झालं' म्हटल्याशिवाय द्यायचा नसतो. तो अजून काही म्हणाला नव्हता.