मामांची चौथी गाडी

व्यंकोजीरावांनी शेडचं शटर वर सरकवलं आणि कृष्णकुमारचे हात आपोआप जोडले गेले.

लाल, चंदेरी, काळी. तिन्ही स्पोर्ट्‌स गाड्या त्यानंच चेन्नईच्या शोरूममधून विकलेल्या, त्यानंच कुंभकोणमला आणून दिलेल्या. पण कुठल्याच गिऱ्हाइकानं गाडी अशी जपलेली त्यानं पाहिली नव्हती. व्यंकोजीरावांचा धंदा पितळी समयांचा. समया घासूनपुसून लखलखीत ठेवायची सवय इथंही उतरली होती. बोनेटमध्ये चेहरा दिसत होता.

त्यानं लाल गाडीची चावी फिरवली. किती चालली ते पाहून तो चाटच पडला. घरी आल्यापासून गाडी जवळच्या तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला तेवढी जाऊन आली होती, तीही पहिल्या दिवशी आणि त्याच्याच हातून. आत दोघांपुरतीच जागा, म्हणून त्यानं आधी व्यंकोजीरावांना नेलं होतं, मग त्यांच्या बायकोला. गिऱ्हाईक असले तरी तो त्यांना मामा-मामीच म्हणायचा. बाकी दोन्ही गाड्यांची तीच कथा.

"मामा, नंतर बाहेर काढलीच नाही?"

"मज कोठें येतें चालवायला? तूं येतोस तेव्हां निघते की."

कृष्णकुमार मनापासून हसला. श्रीमंतांची हौस त्यानं कमी पाहिली नव्हती. एका गृहस्थानं तर गाडी दिवाणखान्यात सोफ्याशेजारी ठेवली होती! पण मामांची तऱ्हाच न्यारी. दुसऱ्या कंपन्यांची माणसं इथं खेपा घालून दमली. मामांनी प्रत्येकाला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. त्यांची अट एकच असायची. गाडी कृष्णकुमारनं स्वतः आणायची आणि जेवून जायचं. असं गिऱ्हाईक नशिबानं मिळतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आज तो गाडी घेऊन आला नव्हता, खबर घेऊन आला होता. कंपनी यंदा एक खास गाडी काढत होती आणि अख्ख्या दक्षिणेत ती एकच येणार होती. नुसता पैसा आहे म्हणून ती मिळत नाही. ज्यानं आधीच्या गाड्या घेतल्या आणि विकल्या नाहीत, अशाच माणसाला कंपनी आपणहून विचारते. तिनं मामांना निवडलं होतं. मामा हो म्हणाले की कृष्णकुमार शोरूमचा मॅनेजर होणार, तसा शब्दच मिळाला होता. लग्न व्हायचं होतं, घर व्हायचं होतं, सगळं त्या एका होकारावर अडलं होतं.

जेवताना धनलक्ष्मीमामींनी धरलेली तुपाची धार काही थांबेना. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाकाचें भोंक बुजत आलें रे, कोंडू."

कोंडू हे त्याचं घरचं नाव. ते त्यानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. घरी बोलायची तंजावरी मराठी दोन्हीकडे एकच, त्यामुळं ओळख व्हायला वेळ लागला नव्हता. त्याच्याआधीची बाळं जगली नव्हती. म्हणून आईनं जुना रिवाज पाळला. मूल दुसऱ्या बाईचं मानायचं, तिला मूठभर कोंडा द्यायचा आणि ते विकत घ्यायचं. मग नाक टोचायचं, नाव कोंडू ठेवायचं. कोंडा घेणारीनं त्या मुलाला पुन्हा कधी आपलं म्हणायचं नाही, म्हटलं तर मुलाला बाधतं. कोणीतरी शेजारीण बोलावून तासाभरात उरकायचा हा खेळ.

"कोटीच्या गाड्या विकणाऱ्याची किंमत बघा, मूठभर कोंडा!" असं तो तेव्हा म्हणाला होता. मामा मोठ्यानं हसले होते. मामी ताक आणायला आत गेल्या होत्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नव्हत्या.

पानं उचलल्यावर त्यानं खबर सांगितली. मामांचे डोळे चमकले.

"म्हणजे तूं मॅनेजर होणार?"

"तुम्ही हो म्हणालात तर."

"मग हो म्हणालों ऐसें धर!"

कृष्णकुमारचा आनंद पोटात मावेना. "आणि मान तरी केवढा, मामा! या गाडीच्या मालकाकडे माझ्यासारखा साधा माणूस पाठवत नाहीत. गाडी घेऊन खुद्द मोठे साहेब येणार. पुढचं सगळंही तेच बघणार."

"आणि तूं?"

"मी कसला येतो? मॅनेजरला शोरूम सोडून हलता येत नाही."

मामींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मामा खिडकीबाहेर बघत बसले. आपलं काय चुकलं ते कृष्णकुमारला कळेना.

"एखादी साधी गाडी नाहीं कां?" मामांनी हळूच विचारलं. "तूं घेऊन येशील ऐसी?"

"साधी घेतलीत तर ही दुसऱ्याला जाईल, मामा. आणि मी राहीन होतो तिथंच."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी पदरानं कपाळ पुसलं, उगाचच, आणि म्हणाल्या, "घ्या म्हणतें मी. लेंकराचें बरें होईल."

मामांनी मान डोलावली. कृष्णकुमार दोघांच्या पाया पडला. कंपनीवर इतका जीव असणारी माणसं जगात असतात, हे शोरूममध्ये सांगून कोणाला पटलं नसतं.

मामी उठल्या आणि चुलीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "कुंकूं लावून जा. देवापाशीं डबी आहे, घेऊन ये."

देवघरात सारख्याच दोन पितळी डब्या होत्या. त्यानं मागची उचलली. झाकण घट्ट बसलं होतं, जोर लावावा लागला.

आत कुंकू नव्हतं. जुनाट, काळपटलेला, मूठभर कोंडा होता.