न बसलेला रेणू

शिरूर कासारच्या स्टँडवर उतरली तरी मनकर्णाच्या डोक्यात तोच एक आकार फिरत होता.

कॅन्सरच्या पेशी वाढवणारं एक एन्झाइम असतं. त्याच्या खाचेत जाऊन बसेल आणि त्याचं काम बंद पाडेल असा रेणू तिने पुण्याच्या प्रयोगशाळेत घडवला होता. त्याच्या गोळ्या आता रुग्णांवर तपासल्या जात होत्या. बहुतेकांच्या गाठी लहान होत होत्या. तिच्या आईची, सारजाबाईची, तेवढी वाढली होती.

घरी आई बाजेवर पडली होती. शेजारची जानकी टँकरचं पाणी रांजणात ओतत होती.

उन्हाळ्यात या दोघी मिळूनच मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या. दोघींच्याही छातीत तसलीच गाठ निघाली. डॉक्टरांनी सारजाबाईला चाचणीत घेतलं. जानकी टोळीबरोबर ऊस तोडायला जाणार, तिच्या तपासण्या चुकणार, म्हणून तिला घेतलं नाही. पुढे पाऊसच पडला नाही. ऊस उभ्या उभ्या वाळला, सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. जानकी लेकरांना घेऊन गावातच राहिली.

मनकर्णाने आईला विचारलं, गोळ्या नेमाने चालू आहेत ना.

"एकबी वाया गेली न्हाई," आई म्हणाली.

मग आईच्या शरीरात एन्झाइमची खाचच बदलली असणार. मनकर्णाला एका जागी बसवेना. चहा तसाच निवला. अंगणात फेऱ्या घालत तिने पुण्याला फोन लावला. रेणू नव्याने आखावा लागेल, म्हणाली. मग दवाखान्यात लावला. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की गुण नसताना त्रास कशाला, आईच्या गोळ्या थांबवू. तिला ते पटलं.

आत आली तर आई भिंतीला टेकून उठून बसलेली. तिने सगळं ऐकलं होतं.

"गोळ्या बंद करू नगंस."

"तुला गुणच येईना, आई. कशाला घ्यायच्या?"

सारजाबाईने दाराबाहेर पाहिलं. बाहेर जानकीची पोरं खेळत होती.

"मला कसा यील, मने? गोळ्या जानकी खाती. तिची गाठ पार जिरलीय."