शेवग्याखालची ओल

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमारास दुष्काळ होता. मातीतले, पिसवांसारखे उड्या मारणारे किडे शोधत प्राध्यापक अनंतराव रेणापूरला एका विद्यार्थिनीच्या परसात आले. तिच्या आईनं, धुरपताबाईंनी, पाण्याचा पेला पुढं केला. बौद्धाघरचं पाणी अनंतराव कधी प्यायले नव्हते. "तहान नाही," म्हणत ते शेवग्याखालचा पाला उकरू लागले. माती कोरडीठाक, एकही किडा दिसेना. धुरपताबाईंनी त्यांच्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं आणि पेला बुंध्याशी ओतला. "तुम्हाला न्हाई तर तुमच्या किड्यांना तरी पाजते, सर." पाणी मुरताच पांढरे ठिपके वर येऊन टणाटणा उडू लागले. अनंतरावांना नमुन्याची बाटली उघडवेना. मान खाली घालूनच म्हणाले, "मलाही घोटभर द्या." "माठात तेवढंच व्हतं. सांजच्याला टँकर येतो, थांबता?" शेवटची एसटी दुपारचीच होती. अनंतराव तिथंच मातीत बसून राहिले.