सात मिनिटांनी धाकटा

मडकं कोणाच्या खांद्यावर द्यायचं, यावर सगळं अडलं. चिता रचून झाली होती. भटजी मडक्यात पाणी भरून उभे होते. लवूने हात पुढे केला होता.

"तू नाय," भाऊराव म्हणाले. "बापाशीक तू दिलंस. आवशीक धाकटो अग्नी देता. आमच्यात तसाच असा."

भाऊराव म्हणजे लवूचे मामा, गेलेल्या बाईंचे सख्खे भाऊ. बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर. त्यांच्यापुढे नियम म्हणजे नियम. आणि आईला अग्नी द्यायला नियमाने धाकटा होता सुबोध, लवूचा जुळा भाऊ, सात मिनिटांनी मागून आलेला. तो जर्मनीहून तासाभरापूर्वी उतरला आणि बॅगेसकट थेट चारकोपच्या स्मशानात आला.

लवूने हात मागे घेतला. आई काल सकाळी गेली, तेव्हापासून त्याला काही वाटतच नव्हतं. डॉक्टरांचा दाखला आणला, बर्फ आणला, फोन केले, सगळं शेजाऱ्याच्या घरचं काम असल्यासारखं. आई अर्धांगाने आडवी झाली त्याला नऊ वर्षं झाली होती. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं यानेच केलं. वर्कशॉपमधून दुपारी जेवायला म्हणून घरी यायचा आणि तिची चादर बदलून उपाशीच परत जायचा. शेवटचं हेही आपल्या हातून व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. सकाळी मामांना विचारून झालं होतं, नकारही ऐकून झाला होता. भांडायचं तर अंगात जीव लागतो, तो नव्हता.

भटजी मडकं घेऊन सुबोधकडे वळले. सुबोधने ते घेतलं नाही.

"मामा, धाकटा आता मी नाही."

"म्हंजे?"

"विमानाच्या वेगाने घड्याळ जरा मागे पडतं, पण उंचीमुळे त्याहून जास्त पुढे जातं. मी वीस वर्षं सारखा विमानात असतो. लवूपेक्षा माझं वय जास्त भरलंय."

"गप रे. खूळ लागला काय तुका?"

"माझं कामच ते आहे मामा, अणुघड्याळं जुळवायची. एकाहत्तर साली शास्त्रज्ञांनी अशी घड्याळं विमानाने पृथ्वीभोवती फिरवून आणली. जमिनीवरच्या घड्याळांशी ताडली, तर जुळेनात. फरक आधीच्या गणितात बसला."

"विमानात ठेवली खंय?"

"सीटवर. रीतसर तिकीट काढून."

भाऊराव थबकले. माणूस काय, काहीही सांगेल. पण तिकीट काढलंय म्हणजे प्रवास झालाच, यावर त्यांची अख्खी नोकरी झाली होती.

"घड्याळाचा तिकीट काढलेला?"

"हो मामा."

"आणि तुझी सात मिनटा भरतत?"

सुबोधने चितेकडे पाहिलं. "भरतात," तो म्हणाला. "वर थोडी उरतात."

भाऊरावांनी डोकं खाजवलं. मग भटजींना म्हणाले, "मगे लवूक देवा."

लवूने मडकं खांद्यावर घेतलं. तीन फेऱ्या झाल्या, मडकं फुटलं, अग्नी दिला. धूर डोळ्यांत गेला तरी पाणी आलं नाही. लोक बाकावर जाऊन बसले.

मागच्या नळावर दोघं हात धूत होते.

"सुब्या, किती रे खरं?" लवूने विचारलं.

"सेकंदाचा एक लाखावा भाग." सुबोधने खिशातला रुमाल काढला, पण हात पुसायचे राहिले. "आजवर दशांशसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता रे मी."

लवूच्या हातावर नळ तसाच वाहत राहिला. कालपासून न आलेलं रडू त्याला तिथे फुटलं, आणि सात मिनिटांनी धाकट्या भावाने त्याला थोरल्यासारखं जवळ घेतलं.