हाताजोगं पिस्तूल

हेही पिस्तूल मंगलीच्या हातातून सटकलं आणि टेबलावरच्या गादीवर थपकन पडलं.

"नाही जमून राहिलं, ताई," ती खाली बघत म्हणाली.

"पडू दे. गादी त्यासाठीच टाकलीय." डिंपलनं पिस्तूल उचलून बाजूला ठेवलं आणि कपाटातून दुसरं काढलं.

गोंदिया शहराबाहेर, बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात डिंपल बिसेनची शूटिंग रेंज होती. एकेकाळी ती राज्याकडून खेळली होती. मग मनगटाचं दुखणं मागं लागलं आणि ती शिकवायला लागली. त्यामुळं अधू हाताचं कुणी दारात आलं की तिचा जीव तिथंच अडकायचा.

मंगली मडावी सकाळच्या बसनं चिचगडहून आली होती. पंचविशीची, उन्हानं रापलेली. उजव्या हाताची दोन बोटं चिकटपट्टीनं एकत्र गुंडाळलेली. आल्या आल्या तिनं हात पुढं करून सांगितलं होतं, "हे दोन बोटं वाकत नाही. मले पिस्तूल पाहिजे, हातात राहीन असं."

"कशानं झालं?" डिंपलनं विचारलं होतं.

"थ्रेशरमंदी."

"दुखतं का अजून?"

मंगली जराशी थांबली. "थंडीत ठनकते."

"मग डाव्या हातानं धर ना."

"डावा डोळा कमजोर आहे. नाही जमत." हे उत्तर मात्र ताबडतोब आलं.

डिंपलनं पुढं खोदून विचारलं नाही. दुखऱ्या जागेवर माणूस बोट ठेवू देत नाही, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "पिस्तूल म्हणजे सोयरीक असते. दिसायला सगळीच देखणी असतात. हातात नांदलं पाहिजे."

मंगली पहिल्यांदा हसली.

पण सोयरीक जुळेना. एक नळीकडं इतकं जड की मनगट खाली ओढून नेई. एक हलकं होतं, पण त्याची मूठ जाड. एकाची मूठ इतकी आखूड की करंगळी बाहेर लोंबकळे. प्रत्येक वेळी मंगली डोळे मिटून घ्यायची, हात लांब करायची आणि पुटपुटायची, "भार अंगठ्यावर येऊन राहिला… मंग करंगळी काय करन?" चाप ओढायची. छर्रा कुठं गेला ते मात्र बघायची नाही.

निशाणा लागणार नाहीच, असं या पोरीनं आधीच धरून ठेवलंय, डिंपलला वाटलं.

"ऐक मंगली. रायफलला ही बोटं एवढी लागत नाहीत. भार खांद्यावर जातो. तू रायफल धर, दिवाळीपर्यंत तुला उभी करते."

"रायफल नको."

"काऊन? तोही खेळच आहे ना?"

"पिस्तूलच पाहिजे जी," मंगली म्हणाली, आणि एवढं बोलताना तिचे डोळे भरून आले. "पिस्तुलाशिवाय जेवन गोड नाही लागत. असं झालं आहे आमच्या घरी."

डिंपल आतल्या खोलीत गेली आणि कापडात गुंडाळलेलं एक पिस्तूल घेऊन आली. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, वापरून वापरून काळपट झालेली. हे ती कुणाच्या हातात देत नसे.

"हात ठेव यावर."

तिनं पेन्सिलीनं मुठीवर बोटांच्या खुणा केल्या आणि कानस उचलली. लाकूड घासलं जाऊ लागलं. बारीक भुसा तिच्या मांडीवर पडत राहिला.

"ताई, हे तुमचं आहे न?"

"होतं," डिंपल म्हणाली. एकदा घासलं की ही मूठ पुन्हा तिच्या हातात बसणार नव्हती. ती थांबली नाही. "हात लहानच आहे गं तुझा."

"आमच्या घरी साऱ्या बायकायचा असाच. एकमेकीच्या बांगड्या घालतो आमी."

दोन सरळ बोटं निजतील अशा दोन खाचा तयार झाल्या. तळहाताखाली डिंपलनं लाकडाचा एक पातळ तुकडा चढवून आवळला. मंगलीनं मूठ धरली. डोळे मिटले. हात लांब केला, खाली सोडला, मनगट उलटं केलं, झटकलं.

पिस्तूल हातातच राहिलं.

तिनं चाप ओढला. कागदाच्या पार कोपऱ्यात एक भोक पडलं.

"लागलं की!" डिंपल लहान पोरीसारखी ओरडली. "कागदाला तरी लागलं! उद्यापासून ये. पॅरा शूटिंगच्या स्पर्धा असतात, तुझं नाव मी घालते. फीचं डोक्यात आणू नको. मी शिकवते तुला."

"मले नाही शिकाचं, ताई."

डिंपलचा चेहरा पडला. "म्हणजे?"

मंगलीनं पिस्तूल हळूच गादीवर टेकवलं. दातानं चिकटपट्टीचं टोक धरून ती ओढली. बोटांमागं लपवलेली बांबूची कामटी जमिनीवर पडली. मंगलीनं पाचही बोटांची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली, आणि पळतच दाराशी गेली. बाहेर भिंतीला टेकून एक बाई बसली होती, उजव्या हाताची दोन बोटं ताठ राहिलेली.

"प्रिया! ये वो बहिनी, आतमंदी ये! लोकायसमोर पडन म्हनून भेत होती न? आता तुह्या हातातून नाही पडत."