अभिनवची चाल

मेल लिहून झाला, तरी सुचेताचं बोट बटणावरच अडलं होतं. खेळातला बुटक्यांचा सरदार पुलावर न्यावा की झाडामागेच ठेवावा, काही केल्या ठरेना. मागून सायबर कॅफेवाले गुणवंतभाई म्हणाले, "आंटी, टाइम हो गया." तिने सरदाराला पुलावर नेलं आणि खाली नाव टाकलं, अभिनव.

अभिनव तिचा मुलगा. मेलबर्नला नोकरीला गेला तो बापाशी भांडूनच. अंगठ्याएवढे सैनिक रंगवत बसलेल्या पोराला सुभाष म्हणाला होता, "हे काय बाहुल्या खेळायचं वय आहे का?" तेव्हापासून बापलेकांत चकार शब्द नाही. दिवाळीला फोन यायचा, तोही आईपुरता.

पुढे सुभाष रिटायर झाला आणि पार मिटूनच गेला. गिरगाव सोडून लांब पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेले, इथे ओळखीचं कुणी नाही. हा दिवसभर खिडकीशी बसायचा. घरात दोन माणसं, पण आवाज काय तो भांड्यांचा. सुचेताला घर खायला उठायचं. शेवटी तिने शेजारच्या रीमाकडून अभिनवच्या नावाने मेलचं खातं उघडून घेतलं आणि सुभाषच्या जुन्या मेलवर एका बोटाने टाइप केलं, बाबा, खेळणार का माझ्याशी? सैनिकांचा डबा आणि नियमांचं पुस्तक माळ्यावर आहे.

माणूस बदललाच हो. जेवणाच्या टेबलावर डोंगर, पूल, जंगल मांडलं गेलं आणि जेवणं सोफ्यावर गेली. सुचेताच्या शिवणाच्या टेपने इंच मोजले जाऊ लागले. सोमवारी ती भजनाला म्हणून बाहेर पडायची आणि अभिनवची चाल पाठवायची. मंगळवारी सुभाष कॅफेत जाऊन ती वाचायचा, आपली चाल कळवायचा आणि घरी येऊन सैनिक हलवायचा.

अडचण एकच होती. पुस्तक जाडजूड आणि इंग्रजी, तर सुचेता गावच्या मराठी शाळेतली. पण तिचं नशीब चांगलं. उभ्या जन्मात पेपरसुद्धा मनात वाचणारा सुभाष हे पुस्तक मात्र रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायचा. आधी इंग्रजीत, मग मराठीत, सावकाश, आणि पुन्हा एकदा. वय झालं, लक्षात राहत नाही, म्हणायचा. पोळ्या लाटता लाटता सुचेता कान देऊन ऐकायची.

एक नियम तिला फार लागला. ज्या सैनिकाच्या सहा इंचांच्या आत आपलं कुणी नाही, त्याने फासा टाकायचा. आकडा कमी पडला, तर तो मैदान सोडून निघून जातो. त्या दिवशी तव्यावरची पोळी करपली.

हे कधी ना कधी उघडं पडेल, याची तिला धास्ती होती. पोरगा लिहीत नाही हे कळलं, की हा पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार, आणि या वेळी उठायचा नाही.

आणि नेमका जिन्यात तिचा पाय घसरला. प्लास्टर घातलं, पलंग हॉलमध्ये आणला, जागेवरून हलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं. सोमवार तसाच गेला. मंगळवारी सुभाष चपला घालायला लागला. आजचा दिवस राहू दे, म्हणून तिने अडवून पाहिलं. पोराची चाल आली असेल, म्हणत तो गेलासुद्धा.

ती दाराकडे डोळे लावून पडली. काय सांगायचं, ते जुळवत राहिली. त्याला काम असेल, बरं नसेल, नेट बंद असेल. एकही धड वाटेना.

सुभाष आला. हातपाय धुतले, चष्मा पुसला.

"अभिनवची चाल आली," तो म्हणाला.

सुचेताने मान उचलून टेबलाकडे पाहिलं. त्याने टेपने मोजून, पुलावर एकट्या पडलेल्या सरदाराशेजारी एक बुटका आणून ठेवला. मग पुस्तक घेतलं आणि खुर्ची तिच्या पलंगाला लावून बसला.

"हा पुढचा नियम नीट ऐक," पान उलटत तो म्हणाला. "तुझा पाय बरा झाला, की अभिनवला लागेल."