टायर बघून माणूस

"टायर खोटं बोलत नाही, काका," असं म्हणत नजीर खाली वाकला आणि पुढच्या डाव्या टायरच्या बाजूवरून त्यानं बोट फिरवलं.

आडगाव नाक्यावर बावीस वर्षं टायर विकता विकता त्याला एक खोड लागली होती. गिऱ्हाईक काय सांगतं ते तो ऐकायचा, पण विश्वास ठेवायचा टायरवर. मधोमध झिजलेला टायर म्हणजे हवा ठासून भरणारा घाबरट माणूस. कडा झिजलेल्या म्हणजे वळणावर घाई करणारा. अशाच्या घरी त्यानं बहीणही दिली नसती.

आज तो जेवून दुकानात परतला, तर ही सात सिटांची पांढरी गाडी दारात तिरकी उभी. शेजारी नामपूरचे खंडेराव, सहा फुटी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आणि त्यांच्या खांद्याला जेमतेम लागणाऱ्या सिंधुबाई. त्यांचा मुलगा योगेश नजीरचं जुनं गिऱ्हाईक. तो पुण्याला गेला आणि गाडी आईवडिलांकडे राहिली.

"डावीकडचे दोन्ही टायर बाजूनं घासलेत. कडेच्या दगडाला लागतात. कोण चालवतं गाडी?"

"चौतीस वर्षं एसटी चालवलीय मी," खंडेराव म्हणाले. "सटाणा डेपोत विचारा. एक ओरखडा कोणी दाखवला तर मिशी उतरवीन."

नजीरनं दोन टायर पुढे ओढले. एक जाड गोट्यांचा, रांगडा. "हा दिसायला पैलवान. चिखलात भारी, पण डांबरावर घुमतो आणि पावसात उशिरा थांबतो. हा दुसरा साधा दिसतो, पण वळणावर गाडी डुलू देत नाही."

"भाऊ," सिंधुबाई म्हणाल्या, "भावडबारी घाटाच्या उताराला वळताना गाडीचं मागचं अंग बाहेर ओढल्यासारखं होतं. ते थांबंल का?"

"थांबेल."

"आन पावसात एकदम ब्रेक दाबला तर?"

नजीरला त्यांची कीव आली. बिचारी प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरून बसत असणार. त्याची बायको ताहेराही अशीच शेजारच्या सीटवर बसून पायानं नसलेला ब्रेक दाबते.

खंडेरावांनी साध्या टायरच्या खाचेत अंगठा घातला, बाजू दाबली, बोटातल्या अंगठीनं टिचकी मारून कान दिला. "हाच. कडा टणक हाय."

"तारीख बघून घ्या, काका. ताजा माल आहे." नजीरनं टायरवरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

खंडेराव बोटापासून वीतभर दूर बघत राहिले. "तुम्हीच वाचा. चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

चहा आला. खंडेरावांचा हात कपाच्या शेजारी जाऊन पडला. सिंधुबाईंनी कप हाताखाली सरकवला.

नजीरनं चावी मागितली. खंडेराव खिसे चाचपू लागले, तोवर सिंधुबाईंनी ती आपल्या बटव्यातून काढली. "ह्यांच्या खिशाला भोक हाय."

गाडी आत घ्यायला नजीर बसला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आदळले. सीट पार पुढे ओढलेली, वर जाड उशी. त्यानं सीट मागे सारली, आरसा फिरवला आणि तिथंच थबकला. सहा फुटी माणूस गुडघे दुमडून काचेला नाक लावून बसतो, तो कशासाठी? समोरचा रस्ता दिसत नाही म्हणून. आता डाव्या टायरांचीही भाषा त्याला कळली.

चार टायर बसले, चाकं सरळ करून झाली. नजीरनं चावी गल्ल्यात टाकली आणि सिंधुबाईंना बाजूला बोलावलं.

"काकू, काकांना दिसत नाही ना?"

त्यांनी बाहेर पाहिलं. खंडेराव नव्या टायरवर थाप मारत होते, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

"काचबिंदू. दोन वर्षं झाली. कोणाला बोलू नका, भाऊ. डेपोतली पोरं अजून घाटात गाडी कशी काढायची ते ह्यांनाच विचारायला येतात. तेवढाच मान राहिलाय."

"आणि गाडी?"

"गाडीबिगर कसं? नात हाय ना इथं हॉस्टेलला, तेजस्विनी. दर शनिवारी न्यायची, रविवारी आणून सोडायची."

"आज शनिवार."

"तिलाच घ्यायला चाललोय. हे म्हणले, पोरीचा जीव हाय, टायरात कंजुषी नको."

नजीरची मुलगी शाझिया त्याच वयाची. "काकू, टायर रस्ता धरतो. रस्ता बघत नाही."

"ते खरंच."

"खरं ना? मग चावी मी देणार नाही. टायर परत घ्यावे लागले तरी चालेल. योगेशला फोन लावतो."

सिंधुबाईंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "त्याला नका सांगू. त्याला कळलं तर गाडीच घेऊन जाईल. म्हणंल, ह्या वयात हे काय खूळ."

"बरोबरच म्हणेल."

फोनची रिंग वाजू लागली. सिंधुबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग बटवा उघडला, एक कोरं करकरीत कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. दवाखान्याचं असेल, म्हणून नजीरनं ते उचललं. वाचलं. कार्डावरचा फोटो पाहिला, समोर पाहिलं, पुन्हा वाचलं.

त्यानं फोन बंद केला आणि गल्ल्यातली चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

बाहेर खंडेराव बॉनेटवर हात टेकत टेकत गाडीच्या डाव्या दारापर्यंत पोचले होते. आत बसून पट्टा लावता लावता त्यांनी हाक मारली,

"अगं, आधी सीट पुढं घे आन आरसा नीट कर. नजीरभाईनं हलवला असंल."